वाचक विचारतात : किल्ल्यांतले, वाड्यांतले आणि देखाव्यांतले छोटे दिवे

प्रतिकृतींमध्ये एलईडी बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी नऊ इथे घेतली आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : चार फूट बाय तीन फुटांच्या प्लायवर रायगड करतो आहे. महादरवाजा, नगारखाना, राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर आणि गंगासागर तलाव दाखवायचे आहेत. चाळीसेक दिवे लागतील. किती व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा, वायर कोणती, आणि सुरुवात कुठून करावी? (चिंचवड)

उत्तर : सुरुवात कागदावरून. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून प्लायएवढा कागद करा आणि गडाचा आराखडा त्यावर खऱ्या मापात काढा. जिथे दिवा तिथे फुली, फुलीला नंबर. डोंगर उभा राहिल्यावर आतून वायर ओवणं म्हणजे शिवलेल्या गादीत कापूस भरणं. म्हणून प्लायला भोकं आधी पाडायची, डोंगर नंतर चढवायचा. भोक ४ मिमीचं असावं. दिव्याची तार केसाएवढी असली तरी उद्या तो दिवा बदलायचा झाला तर जोड त्यातून खाली ओढता आला पाहिजे.

तुमच्या यादीवरून आम्ही असा हिशेब मांडला : नगारखाना ३, राजसदर ६, बाजारपेठेच्या दोन रांगांत ९-९ मिळून १८, मंदिर ३. हे झाले ३० साधे वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे. महादरवाज्याच्या दोन बुरुजांवर २ आणि वाटेवर ६ अशा ८ मशाली, त्यांना फडफडणारे, म्हणजे फ्लिकर एलईडी. गंगासागरावर चांदणं पाडायला २ कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढरे. एकूण ४०.

व्होल्टेज ५ ठेवा. १२ व्होल्टवर तीन-तीन दिवे एका माळेत घालून रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) वाचतात हे खरं, पण एक दिवा गेला की तिन्ही विझतात आणि नेमका कुठला गेला ते शोधत बसावं लागतं. ५ व्होल्टवर प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर लागतो. चाळीस रेझिस्टरांचा खर्च किरकोळ आहे आणि मोबाइलचा जुना चार्जर घरात असतोच.

रेझिस्टर काढायचा तो असा : पुरवठ्याच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि हव्या त्या प्रवाहाने भागा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. ५ वजा ३ म्हणजे २. डब्यावर २० मिलिअ‍ॅम्पियर लिहिलेलं असतं, पण ती कमाल मर्यादा आहे. खिडकीमागे ४-५ मिलिअ‍ॅम्पियर भरपूर होतात. २ भागिले ०.००५ म्हणजे ४०० ओहम, बाजारात त्याच्या वरचा सहज मिळणारा ४७०. त्यातून सव्वाचार मिलिअ‍ॅम्पियर जातात. मशालींना २२० ओहम, म्हणजे सुमारे ९. चांदण्याला १ किलोओहम, म्हणजे २. चांदणं याहून जास्त ठेवलं तर गंगासागरावर फ्लडलाइट लावल्यासारखं दिसेल.

बेरीज करा : ३० दिव्यांचे १२८, मशालींचे ७३, चांदण्याचे ४. एकूण साधारण २०५ मिलिअ‍ॅम्पियर. १ अ‍ॅम्पियरचा चार्जर पाचपट झाला. रेझिस्टर पाव वॉटचे चालतात. दुकानात ‘रेझिस्टन्स’ म्हणून मागा आणि रंग तपासून घ्या : ४७० म्हणजे पिवळा-जांभळा-तपकिरी, २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी, १ किलो म्हणजे तपकिरी-काळा-लाल. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, या दोन्ही ठिकाणी हे सगळं सुटं मिळतं.

वायर दोन प्रकारची. प्लायखालून जाणाऱ्या प्लस-मायनसच्या दोन मुख्य लायनी जाड, १४/३६ ची (३६ गेजच्या १४ तारांची) लाल आणि काळी लवचिक वायर. चार फूट जाऊन-येऊन तिच्यात दोन शतांश व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे काहीच नाही. दिव्यापासून मुख्य लायनीपर्यंतचा वीतभर तुकडा मात्र बारीक एनॅमल तारेचा, म्हणजे वर इन्सुलेशनचा पातळ थर दिलेल्या तांब्याच्या तारेचा. काही जण ही ०.१५ मिमीची बारीक तारच मुख्य लाइन म्हणून फिरवतात. तिचा रोध मीटरला जवळजवळ १ ओहम. सगळे दिवे पलीकडच्या टोकाला असतील तर तिथे पोचेपर्यंत अर्धा व्होल्ट गेलेला असतो आणि रेझिस्टरच्या वाट्याला दोनाऐवजी दीडच उरतो. मग जगदीश्वराचं मंदिर बाजारपेठेपेक्षा मंद का, असा प्रश्न पडतो.

प्लायच्या चारही कडांना दोन इंची लाकडी पट्टी ठोका, म्हणजे खाली हात घालायला जागा राहील. प्रत्येक इमारतीखाली झिरो पीसीबीचा (सोल्डर करायच्या भोकांच्या कोऱ्या पट्टीचा) एक छोटा तुकडा स्क्रूने बसवा. त्या इमारतीचे सगळे रेझिस्टर त्यावर, आणि शेजारी पेन्सिलीने फुलीचे नंबर. रेझिस्टर डोंगराच्या आत कधीही गाडू नका. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर तोच बदलावा लागतो. बाजारपेठ, सदर-नगारखाना-मंदिर आणि मशाली अशी तीन बटणं ठेवा, चांदणं मशालींच्या बटणावर. मुख्य लायनीत सुरुवातीला अर्ध्या अ‍ॅम्पियरचा काचेचा फ्यूज घाला.

चार्जरची केबल कापताना एक पथ्य. जुन्या चौकोनी तोंडाच्या यूएसबी केबलमध्ये साधारणपणे लाल प्लस आणि काळी मायनस असते. तरी मीटर लावून खात्री करा, आणि हिरवी-पांढरी वेगवेगळी टेपने बंद करा. दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल कापली तर चार्जर व्होल्टच सोडत नाही, कारण पलीकडे उपकरण असल्याची खूण म्हणून त्याला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसावा लागतो. चार्जर खराब आहे असं समजून लोक दुसरा आणतात, तोही तसाच ‘खराब’ निघतो.

प्रश्न : सोसायटीच्या अंगणात मातीचा किल्ला करतो. हळीव पेरलेले असतात, रोज पाणी मारतो. घरातली एलईडीची विजेवरची माळ तोडून बुरुजांवर लावली तर चालेल का? एलईडी तीनच व्होल्टची असते ना? (ठाणे)

उत्तर : नाही. एलईडी तीन व्होल्टची असली तरी माळ तीन व्होल्टची नाही. स्वस्त माळांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातले २३० व्होल्ट एखादा कपॅसिटर किंवा रेझिस्टर मध्ये घालून सरळ दिव्यांच्या रांगेवर सोडलेले असतात, त्यामुळे माळेच्या कुठल्याही उघड्या जोडाला हात लागणं म्हणजे बोर्डाच्या वायरीला हात लागणं. त्यात ओली माती आणि अनवाणी मुलं. शिवाय माळ तोडून आखूड केली की उरलेल्या दिव्यांवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

तांब्याच्या तारेतली, सेलवर किंवा यूएसबीवर चालणारी बारीक माळ घ्या. चार्जर घरात ठेवा, खिडकीतून फक्त ५ व्होल्टची वायर बाहेर काढा. ही माळही कापणार असाल तर लक्षात ठेवा, तिच्यातले दिवे समांतर असतात आणि रेझिस्टर बहुतेक वेळा सगळ्यांना मिळून एकच. निम्मी कापली की उरलेल्या निम्म्यांना जास्त प्रवाह मिळतो, ते झगझगीत पेटतात आणि लवकर जातात. कापायचीच तर तुकड्याला आपला रेझिस्टर लावा.

ओल्या मातीत ५ व्होल्टचाही त्रास होतोच, फक्त जिवाला नाही, जोडाला. उघडं तांबं ओल्या मातीत असलं आणि त्यातून एकाच दिशेचा प्रवाह (डीसी) वाहत असला की प्लसच्या बाजूचं तांबं हिरवं पडून विरघळत जातं. आज पेटणारा बुरूज भाऊबीजेपर्यंत विझतो तो यामुळे. प्रत्येक जोडावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा, नळीच्या दोन्ही तोंडांत ग्लूगनचा गोंद भरा, आणि जोड जमिनीत न पुरता काडीला बांधून मातीच्या वर ठेवा. पाणी मारताना वायर काढून ठेवा.

प्रश्न : दोन लाल आणि दोन पांढरे एलईडी समांतर जोडले, सुरुवातीला १०० ओहमचा एक रेझिस्टर. लाल पेटतात, पांढरे नाहीत. पांढरे सुटे लावले तर पेटतात! (सातारा)

उत्तर : लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो, पांढऱ्याला ३ च्या जवळ लागतात. समांतर जोडणीत सगळ्यांवर एकच व्होल्टेज असतं. बांधाला जिथे सखल जागा मिळेल तिथूनच पाणी निघून जातं आणि वर साठत नाही, तसं इथे लाल दिवे व्होल्टेज २ च्या वर चढूच देत नाहीत. पांढरे खराब नाहीत, उपाशी आहेत.

सगळे पांढरे असते तरी ही जोडणी चांगली नव्हती. एकाच पाकिटातल्या दिव्यांमध्येही थोडा फरक असतो. ज्याला कमी व्होल्ट लागतात तो जास्त प्रवाह खेचतो. दिव्यागणिक रेझिस्टर हाच उपाय. ५ व्होल्टवर पांढऱ्याला ४७०, लालला ६८०, म्हणजे निळा-राखाडी-तपकिरी. लाल आणि पांढरा एकामागे एक जोडून रेझिस्टर वाचवायला जाऊ नका. २ आणि ३ मिळून ५ झाले, रेझिस्टरला काही उरलंच नाही, मग चार्जरमधल्या बारीकशा चढउतारानेही उजेड उड्या मारतो.

हिरव्यांत आणखी एक गंमत आहे. जुन्या पद्धतीच्या पोपटी हिरव्याला २ च्या आसपास लागतात, नव्या गडद हिरव्याला ३. दुकानदार दोन्हींना हिरवाच म्हणतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तपासा. फक्त काही मीटर त्या खुणेवर पुरेसे व्होल्ट देत नाहीत, म्हणून पांढरा, निळा किंवा गडद हिरवा त्यावर पेटला नाही तर लगेच फेकू नका.

प्रश्न : १:८७ मापाचा रेल्वे लेआउट आहे. फलाटावरच्या खांबांना ३ मिमीचा एलईडी चालेल? (डोंबिवली)

उत्तर : ३ ला ८७ ने गुणा. २६१ मिमी, म्हणजे दिव्याचा गोळा कलिंगडाएवढा. ०६०३ मापाचा चपटा एलईडी १.६ मिमी लांब असतो, तो त्या मापात १४ सेंटिमीटर होतो आणि शोभतो. खऱ्या ८ मीटर खांबाची उंची तुमच्याकडे ९२ मिमी. खांबासाठी २ मिमीची पितळी नळी घ्या. नळीलाच मायनस केलं तर आतून एकच एनॅमल तार ओवावी लागते. कापल्यावर नळीच्या तोंडाला धारदार कंगोरा राहतो, तो तारेवरचा एनॅमल खरवडतो आणि प्लस-मायनस एक होतात. बारीक कानशीने तोंड आतून गुळगुळीत करा, मगच तार ओवा.

प्रश्न : सनबोर्डचा पेशवाई वाडा केला. आत दिवे लावले तर भिंतीच उजळतात, कोपऱ्यांतून रेघा दिसतात. घरचे म्हणतात, वाडा आहे की आकाशकंदील? शिवाय खिडक्यांच्या पारदर्शक पत्र्यावर पांढरी धूळ बसली आहे, पुसली तर जात नाही. (नाशिक)

उत्तर : पांढरा सनबोर्ड, माउंटबोर्ड, बारीक प्लॅस्टिक, या सगळ्यांतून उजेड पार होतो. उपाय रंग देण्याआधीचा आहे. भिंतींच्या आतल्या बाजूला काळ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात, वाळल्यावर त्यावर पांढऱ्याचा एक हात. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खोलीत परत फेकतो. नुसता काळा दिला तर खोली विहिरीसारखी दिसते. कोपऱ्यांत आतून काळ्या कागदाची घडी केलेली पट्टी फेविकॉलने बसवा. छत उचलता येईल असं ठेवा आणि त्याला आतून ५ मिमीची कडा लावा, म्हणजे फटीतून रेघ दिसणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी उजेड छान अडवते, पण ती वीजवाहक आहे. तिच्यावरून उघडा जोड गेला की वाडा अंधारात. बाहेरचा रंग देण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवून अंधाऱ्या खोलीत एकदा पाहा. आता तुमचा वाडा तयार झालेला आहे, तेव्हा छत काढता येत असेल तर आतून रंग द्या, नाहीतर प्रत्येक दिव्याभोवती काळ्या कागदाची पेटी करून ती खिडकीमागे चिकटवा.

या पेट्यांचा दुसरा फायदा मोठा आहे. वाड्याच्या सगळ्या खिडक्या सारख्याच उजळल्या तर तो वाडा न दिसता सरकारी कचेरी दिसते. दिवाणखान्याला ४७० ओहम, माजघराला १ किलो, कोठीच्या खोलीला २.२ किलो, आणि दोन-तीन खिडक्या सरळ अंधाऱ्या. प्रवाह पाचपट कमी झाला तरी डोळ्याला उजेड पाचपट कमी वाटत नाही, म्हणून रेझिस्टर बदलताना सढळपणे बदला. ४७० च्या जागी ५६० घालून फरक दिसणार नाही.

पेशवाईतला उजेड तेला-तुपाचा. बाजारातला २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट हा विजेच्या पिवळ्या बल्बचा रंग आहे, समईचा त्याहून तांबूस असतो. एलईडीवर नारिंगी ग्लास पेंटचा एक पातळ हात द्या. ६५०० केल्विनचा कूल व्हाइट चाळीतल्या ट्यूबलाइटसाठी ठेवा. आणि दिवा खिडकीसमोर तोंड करून लावू नका. तो तुळईच्या मागे लपवून समोरच्या भिंतीवर पाडा. खिडकीमागे ट्रेसिंग पेपर लावला की ठिपका जातो, उजेड राहतो.

खिडक्यांवरची पांढरी धूळ ही धूळ नाही. झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाची वाफ बंद जागेत कोंडते आणि पारदर्शक पृष्ठभागावर पांढरी साय धरते. एलईडीच्या भिंगावरही धरते. नवीन पत्रा बसवा, तोही फेविकॉलने किंवा दोन भागांच्या इपॉक्सीने. झटपट गोंदाने दुसरं काही चिकटवायचं असेल तर छत रात्रभर उघडं ठेवा.

प्रश्न : ०६०३ एलईडीला बारीक तार सोल्डर करायला जातो, दहापैकी सात फुकट जातात. कुठे चुकतं? (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून दोन चुका दिसतात : एनॅमल पूर्ण निघालेला नाही, आणि त्यामुळे सोल्डर धरेपर्यंत बिट, म्हणजे आयर्नचं टोक, फार वेळ टेकवून ठेवला जातो.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ३६ किंवा ३८ गेजची तार स्वस्त आणि चांगली. ३६ गेज म्हणजे जाडी ०.१९ मिमी, ३८ म्हणजे ०.१५. पण मोटारीसाठीचा एनॅमल उष्णता सोसण्यासाठीच बनवलेला असतो, तो सोल्डरिंग आयर्नने जळत नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून तिच्यात तारेचं टोक धरा आणि फिरवत ओढा. तांबं गुलाबी चमकलं पाहिजे. ब्लेडने खरवडलं तर तारेला खाच पडते आणि तार नेमकी तिथेच, बहुधा सगळं बसवून झाल्यावर, तुटते. लायटरच्या ज्योतीत जाळण्याची सवय असेल तर सोडा. तार मऊ पडते आणि वर काजळी राहते. आयर्नच्या उष्णतेने एनॅमल वितळणारी वेगळी तारही मिळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘सोल्डर होणारी एनॅमल तार’ असं स्पष्ट सांगून मागा.

नंतरचा क्रम असा. लाकडाच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. एलईडी चिमट्याने तिच्यावर पालथा ठेवा, दोन पॅड वर. तारेचं साफ केलेलं टोक १ मिमीच ठेवून त्याला आधी सोल्डर चढवून घ्या. पॅडवर रोझिन फ्लक्सचा (सोल्डर नीट धरायला मदत करणाऱ्या पेस्टचा) ठिपका. नळदुरुस्तीची आम्लाची पेस्ट वापरू नका, ती बारीक तार महिन्याभरात खाते. आता तार पॅडवर आडवी धरा आणि टोकदार बिट एका सेकंदासाठी टेकवा. दोन सेकंदांत धरलं नाही तर थांबा, थंड होऊ द्या, फ्लक्स लावा, पुन्हा. रेटत राहिलं की पॅड सुटतो किंवा वरचं पिवळं आवरण काळवंडतं. २५ वॉटचा आयर्न पुरतो. तापमान ठरवता येत असेल तर ३०० ते ३३० अंश, आणि सोल्डर ६०/४० चा, अर्धा मिमी जाडीचा.

पालथ्या बाजूला हिरवी खूण असते, ती बहुतेक वेळा मायनसची बाजू दाखवते. बहुतेक वेळा, नेहमी नाही. पाकिटातला पहिला दिवा १ किलोओहम लावून ५ व्होल्टवर तपासा आणि बाकीचे तसे जोडा. प्लसच्या तारेच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावा, कारण दोन्ही तारा दिसायला जुळ्या. शेवटी जोडावर इपॉक्सीचा एक थेंब, म्हणजे तार ओढली गेली तरी पॅडवर ताण येणार नाही. तार जोडलेले तयार एलईडीही ऑनलाइन मिळतात. पन्नास दिवे लागणार असतील आणि डोळ्यांना चाळिशी लागली असेल तर तेच घ्यावेत असं आम्ही सांगू.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी सहा दिव्यांचं गाव केलं. पॉवर बँकेवर अर्धा मिनिट चालतं आणि विझतं. (बेळगाव)

उत्तर : सहा दिवे म्हणजे २५ मिलिअ‍ॅम्पियर. पॉवर बँकेला वाटतं, फोन भरून झाला, आणि ती स्वतःला बंद करते. ४७ ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर प्लस-मायनसमध्ये लावला तर शंभरेक मिलिअ‍ॅम्पियर जास्त वाहतात आणि बऱ्याच पॉवर बँका जाग्या राहतात. तो अर्धा वॉट सतत जाळतो, म्हणून गरम होतो, पुठ्ठ्याला टेकवू नका. पण त्यापेक्षा तीन पेन्सिल सेलांचा खोका सोपा. ४.५ व्होल्टवर तेच ४७० ओहम चालतात, अल्कलाइन सेल दोन-तीन दिवसांचं प्रदर्शन सहज पार पाडतात. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मात्र नको. महाग असतो आणि त्याचा साठा पेन्सिल सेलाच्या पाव भागाइतकाही जेमतेम.

प्रश्न : काळ्या पडद्यावर चांदण्या दाखवायला शंभर एलईडी लावावे लागतील का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन पुरतील. ०.५ मिमीचा प्लॅस्टिकचा ऑप्टिकल फायबर घ्या. पन्नास धागे एकत्र करून ५ मिमीच्या एलईडीसमोर नळीत बसवा. दुसरी टोकं पडद्यामागून सुईने पाडलेल्या भोकांतून काढून समोरून धारदार ब्लेडने सपाट कापा. कात्रीने टोक चेपतं. थोडे धागे ०.२५ चे आणि दोन-चार ०.७५ चे घातले की आभाळ खरं वाटतं, सगळे सारखे असले की कशिदा दिसतो. झटपट गोंद लावू नका, त्याने हा धागा ठिसूळ होऊन वाकताच मोडतो. फेविकॉल पुरे.

प्रश्न : मंडळाचा देखावा : पंढरपूर, चंद्रभागेचं वाळवंट, पहाटेपासून रात्रीपर्यंत. उजेड हळूहळू बदलायचा आहे. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आहे, १२ व्होल्टची एलईडी पट्टीही आहे. (सोलापूर)

उत्तर : तीन पट्ट्या लावा : नारिंगी, वॉर्म व्हाइट, कूल व्हाइट. आभाळाच्या पडद्याच्या तळाशी नारिंगी, वर लपवून बाकी दोन. मीटरला ६० दिव्यांची साधी २८३५ पट्टी मीटरमागे सुमारे ०.४ अ‍ॅम्पियर घेते. प्रत्येकी दीड मीटर धरली तर तिन्ही मिळून १.८ अ‍ॅम्पियर. १२ व्होल्ट ३ अ‍ॅम्पियरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घ्या. दिवसाचे दहा-बारा तास दहा दिवस चालायचं असेल तर तो साठ टक्क्यांच्या वर लादू नये. पट्टी फक्त खुणेच्या रेघेवर कापा, तिच्यात तीन-तीन दिव्यांचे गट असतात.

आर्डुइनोच्या पिनेतून २० मिलिअ‍ॅम्पियरच्या वर घ्यायचे नाहीत, म्हणून मध्ये मॉस्फेट, म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच, लागतो. आयआरएलझेड ४४ एन मागा. दुकानदार ‘तोच आहे’ म्हणून आयआरएफ ५४० देईल, तो ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि तापतो. पिन ते गेट २२० ओहम, गेट ते सोर्स १० किलो. हा १० किलो नसेल तर आर्डुइनो चालू होताना पट्टी भलतीच चमकते. सोर्स मायनसला, पट्टीची मायनस ड्रेनला, पट्टीची प्लस थेट १२ ला. आर्डुइनोची मायनस आणि एसएमपीएसची मायनस एकत्र जोडायची. ही एक वायर राहिली की काहीच धड चालत नाही, आणि सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

प्रोग्रॅममध्ये ० ते २५५ सरळ चढवत नेलं तर पहाट दोन सेकंदांत होते आणि उरलेला वेळ काहीच बदलत नाही, कारण डोळा कमी उजेडातला फरक जास्त टिपतो. आकड्याचा वर्ग करून २५५ ने भागा आणि तो पिनेला द्या. पहाटेला नारिंगी एकटी चढू द्या, ती निम्म्यावर आली की वॉर्म, मग कूल. रात्री कूल पट्टी ८-१० वर ठेवा आणि वाळवंटातल्या राहुट्यांचे दिवे, ५ व्होल्टवरचे, वेगळे लावा.

भाविक मोबाइलवर चित्रीकरण करतात तेव्हा आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. ९, १० आणि ११ या पिनांवर उनो सेकंदाला सुमारे ४९० वेळा दिवा चालू-बंद करतो, ते कॅमेऱ्याला दिसतं. या पिना चालवणाऱ्या टायमर १ आणि टायमर २ चा विभाजक (प्रिस्केलर) ६४ वरून ८ केला की हीच संख्या ३९०० च्या वर जाते. ५ आणि ६ नंबरच्या पिना यासाठी वापरू नका, त्यांच्या टायमरवर आर्डुइनोचं घड्याळ चालतं, विभाजक बदलला की प्रोग्रॅममधले सगळे सेकंद चुकतात.

पट्टी सनबोर्डवर किंवा कापडावर थेट चिकटवू नका, तापून गोंद सुटतो आणि तिसऱ्या दिवशी पट्टी मूर्तीवर लोंबते. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा त्याचा प्रश्न नाही. डोंगर कागदाच्या लगद्याचे करणार असाल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय आत वायर नेऊ नका. भाद्रपदातल्या हवेत त्याला आठवडा सहज लागतो.